नव्या मोटारीचा सौदा आणि विक्री प्रतिनिधीचा वाजवी वाटा : एक विवेचन

गोषवारा
नवी मोटार घेताना होणाऱ्या घासाघिशीत ग्राहक आणि विक्री प्रतिनिधी हे परस्परांचे प्रतिस्पर्धी मानले जातात. प्रत्यक्षात मोटारीच्या किमतीचा मोठा भाग या दोघांच्याही हाती नसतो आणि ज्या भागातून विक्रेत्याचा नफा येतो तो भाग ग्राहकाला सहसा दिसत नाही. प्रस्तुत लेखात मोटारीच्या किमतीची रचना, सवलतीचे अर्थकारण, त्यासंबंधीचा महाराष्ट्रातून पुढे आलेला एक महत्त्वाचा खटला, विक्री प्रतिनिधीच्या वेतनाचे स्वरूप आणि 'एकच भाव' या पर्यायी पद्धतीचे विवेचन केले असून, जुन्नर परिसरातील बाजारपरंपरेच्या आधारे वाजवी सौद्याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : मोटारविक्री, घासाघीस, सवलत, वाजवी नफा, विक्री प्रतिनिधी, माहितीची विषमता

१. प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव ज्ञानेश्वरांच्या चरित्रातील रेड्याच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा आळेफाटा मात्र वेगळ्या कारणाने गजबजलेला असतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. फाट्यावर कांद्याचा बाजार भरतो, नारायणगावला टोमॅटोचा, तर बेल्हे येथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा परिसरातील माणसाला भाव ही गोष्ट नवी नाही. २० किलो टोमॅटोच्या क्रेटला एका हंगामात वाहतुकीचा खर्चही सुटत नाही आणि २०२३ च्या जुलैप्रमाणे कधी दोन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळतो, हे त्याने प्रत्यक्ष अनुभवलेले असते.

असे असूनही बैलाच्या सौद्यात सहसा न फसणारा शेतकरी मोटारीच्या शोरूममधून बाहेर पडताना साशंक असतो. आपल्याला मिळालेली सवलत खरी होती की शेजाऱ्याला याहून अधिक मिळाली असेल, हा प्रश्न त्याचा पाठलाग सोडत नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेला विक्री प्रतिनिधी हाही अनेकदा याच पंचक्रोशीतील शेतकरी कुटुंबातून आलेला तरुण असतो. एवढी पळापळ करून या गाडीत आपल्या हाती काय राहिले, असा त्याचा प्रश्न असतो. हे दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे. मोटारीच्या किमतीचा हिशोब पूर्णपणे उघड नसतो. या मूळ कारणाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. किमतीची रचना

मोटारीच्या किमतीसंबंधी दोन शब्द नेहमी वापरले जातात. 'एक्स-शोरूम' किंमत म्हणजे कारखान्याची किंमत, त्यावरील वस्तू व सेवा कर आणि अधिकृत विक्रेत्याचा नफा यांची बेरीज. 'ऑन-रोड' किंमत म्हणजे या रकमेत मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग आणि इतर आकार मिळवून येणारी अंतिम रक्कम. सौद्याचा विचार करताना या दोहोंतील प्रत्येक घटकाचा स्वभाव वेगळा आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते.

पहिला गट सरकारी देण्यांचा. १ जुलै २०१७ पासून लहान मोटारींवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि त्यावर उपकर आकारला जात असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या पेट्रोल अथवा १५०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या डिझेल मोटारींवर तो १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के झाला आणि उपकर रद्द झाला. विजेवरील मोटारींवरचा दर ५ टक्के राहिला. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी वाहन कर द्यावा लागतो. मोटारीची किंमत १० लाख रुपयांहून अधिक असल्यास विक्रेता १ टक्का रक्कम आयकरापोटी गोळा करतो. ही तरतूद १ जून २०१६ पासून अस्तित्वात आहे. ती रक्कम ग्राहकाच्या आयकरातून वळती होते किंवा परत मिळते. मात्र ज्या शेतकऱ्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे आणि जो विवरणपत्र भरत नाही, त्याच्या बाबतीत ती रक्कम सरकारजमाच राहते. या साऱ्या देण्यांवर घासाघीस होऊ शकत नाही. तेथे विक्री प्रतिनिधी केवळ वसुलीचे काम करतो.

दुसरा गट कायद्याने आवश्यक, पण निवडीस मोकळ्या असलेल्या गोष्टींचा. विमा हे त्याचे प्रमुख उदाहरण. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक झाला. परंतु तो कोणत्या कंपनीकडून घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या विमा नियामक प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहनविक्रेत्यांच्या विमाविक्रीला नियमांच्या चौकटीत आणले आणि ग्राहकावर विशिष्ट विम्याची सक्ती करता येणार नाही, हे स्पष्ट केले.

तिसरा गट पूर्णतः ऐच्छिक. आसनांची आवरणे, पायपोस, रंगसंरक्षक लेप, वाढीव हमी, देखभालीचे करार हे सारे याच गटातले. अंदाजपत्रकात 'हाताळणी आकार' वा तत्सम नावाची ओळही कधीकधी दिसते. हा सरकारने ठरवून दिलेला कर नव्हे. तो कशासाठी आहे हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एक वस्तू घ्यावयाची असल्यास दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते.

३. नफा नेमका कोठे असतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका लहान पेट्रोल मोटारीची एक्स-शोरूम किंमत ८,००,००० रुपये आहे. १८ टक्के दराने त्यातील सुमारे १,२२,००० रुपये वस्तू व सेवा कराचे आहेत. वाहन कराचे सुमारे ८८,००० रुपये वेगळे. म्हणजे दोन लाखांहून अधिक रक्कम थेट सरकारी तिजोरीत जाते. विक्रेत्याचा नफा कंपनी व मॉडेलनुसार बदलतो, पण तो किमतीच्या काही टक्क्यांपुरताच असतो. येथे तो ४ टक्के, म्हणजे ३२,००० रुपये धरू. या ३२,००० रुपयांतून शोरूमचे भाडे, उभ्या मोटारींत अडकलेल्या भांडवलाचे व्याज, चाचणीसाठी ठेवलेल्या गाड्यांचा खर्च, वीज, जाहिरात आणि सर्व कर्मचाऱ्यांचे पगार भागवायचे असतात. हे सारे वजा जाता विक्रेत्याकडे किमतीच्या १ टक्का, म्हणजे ८,००० रुपये उरतात असे समजू.

आता ग्राहकाने १०,००० रुपयांची अतिरिक्त रोख सवलत मिळविली. आठ लाखांच्या हिशोबात ही रक्कम अवघी सव्वा टक्का आहे, पण विक्रेत्याच्या दृष्टीने त्या गाडीवरील संपूर्ण नफा आणि वर २,००० रुपये गेले. तरीही विक्रेता हा सौदा करतो. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, कंपनीने ठरवून दिलेले मासिक वा तिमाही लक्ष्य गाठल्यास त्याला वेगळे प्रोत्साहन मिळते. म्हणूनच महिनाअखेरीस आणि वर्षाच्या शेवटी, उत्पादनाचे साल बदलण्यापूर्वी, सवलतींना उधाण येते. दुसरे असे की, गेलेली रक्कम तो विमा, कर्ज, साहित्य, वाढीव हमी आणि पुढील देखभाल यांतून भरून काढतो. जुनी गाडी बदलून दिली असल्यास तिच्या मूल्यांकनातूनही ती भरून निघू शकते.

याचा अर्थ असा की, किमतीच्या ओळीवर जिंकलेला ग्राहक खालच्या चार ओळींवर नकळत हरलेला असू शकतो. १०,००० रुपयांची सवलत मिळाल्याच्या आनंदात १५,००० रुपयांचे नको असलेले साहित्य आणि चढ्या दराचा विमा घेऊन तो घरी जातो. घासाघीस किती केली यापेक्षा ती कोठे केली, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

४. नियंत्रित किमतीपासून घासाघिशीपर्यंत

मोटारीच्या किमतीत घासाघीस ही कल्पनाच भारतात तुलनेने नवी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मोटारींची टंचाई होती आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९६९ साली केंद्र शासनाने अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या मोटारींच्या किमती आदेशाने निश्चित केल्या. मुंबईत कुर्ला येथे फियाट मोटार तयार करणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्ससह उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. किमतींच्या तपासणीसाठी आयोग नेमण्यात आला आणि १९७१ साली न्यायालयाने निर्णय दिला. मोटारीची वाजवी किंमत ठरविताना उत्पादनखर्चाबरोबर गुंतविलेल्या भांडवलावर वाजवी परतावाही विचारात घेतला पाहिजे, हा या प्रकरणातील गाभ्याचा मुद्दा होता.

'वाजवी नफा म्हणजे काय?' हा प्रश्न भारतातील सर्वोच्च न्यायासनापुढे मोटारीच्याच निमित्ताने आला, ही बाब लक्षणीय आहे. मात्र त्या चर्चेचा केंद्रबिंदू उत्पादक होता. शोरूममध्ये ग्राहकासमोर उभा राहणारा माणूस त्या हिशोबात प्रामुख्याने आला नाही. टंचाईच्या काळात त्याला विनवण्या ऐकून घ्याव्या लागत, विनवण्या कराव्या लागत नसत. १९९३ साली मोटार उत्पादनावरील परवाना पद्धती उठली, अनेक कंपन्या आल्या, आणि हे चित्र उलटे झाले. पुरवठा वाढला तसा ग्राहकाचा हात वर आला. सवलत ही विनंती न राहता अपेक्षा बनली.

५. सवलतीवरील बंधन : महाराष्ट्रातून निघालेला खटला

सवलत देण्याचा निर्णय कोणाचा, याचे उत्तर देणारे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्राशी निगडित आहे. स्वतःला मारुती सुझुकीचा विक्रेता म्हणविणाऱ्या एका व्यक्तीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे निनावी ई-पत्र पाठविले. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील विक्रेत्यांना कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा अधिक सवलत देण्यास मनाई केली जाते, असा त्यातील आरोप होता. आयोगाने २०१९ साली चौकशीचा आदेश दिला आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

आयोगाच्या निर्णयातून समोर आलेली कार्यपद्धती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहक बनून शोरूममध्ये जात आणि अतिरिक्त सवलत मागत. ती मिळाल्यास पुराव्यासह अहवाल कंपनीकडे जाई. विक्रेत्याकडे खुलासा मागितला जाई आणि तो समाधानकारक नसल्यास दंड होई. हा दंड केवळ विक्रेत्या संस्थेपुरता नव्हता. थेट विक्री प्रतिनिधी, गटप्रमुख आणि शोरूम व्यवस्थापक यांच्यावरही तो आकारला जात असल्याचे आयोगाने नोंदविले. पुनर्विक्रीची किंमत बांधून ठेवणे हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ चे उल्लंघन आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने या निर्णयाविरुद्ध अपील केले. याच स्वरूपाच्या अन्य प्रकरणात ह्युंदाई कंपनीवर २०१७ साली आयोगाने लावलेला ८७ कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने २०१८ साली रद्द केला होता, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. कायद्याच्या दृष्टीने हा विषय एकरेषीय नाही.

प्रस्तुत विषयासाठी या प्रकरणातील एक बाब विशेष बोलकी आहे. समोरचा ग्राहक खरा की पाठविलेला, हे विक्री प्रतिनिधीला कळण्याचा मार्ग नव्हता. सवलत द्यावी तर दंडाची भीती, न द्यावी तर विक्री हुकण्याची. "साहेब, यापेक्षा कमी माझ्या हातात नाही," हे त्याचे वाक्य ग्राहकाला ठरावीक बतावणी वाटते. पण ते अनेकदा अक्षरशः खरे असते.

अर्थात, सवलतीवरील बंधनाचे समर्थनही केले जाते. एक विक्रेता चाचणी, माहिती, सेवा यांवर खर्च करतो आणि ग्राहक त्या सेवेचा लाभ घेऊन शंभर रुपये कमी घेणाऱ्या दुसऱ्याकडून गाडी विकत घेतो. असे होत राहिल्यास सेवा देणारा टिकणार नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात परिचित आहे. त्यात तथ्य आहे. तथापि, सेवेचे मोल राखण्याचा भार दंडाच्या रूपाने वेतनदारावर टाकणे हा त्यावरील उपाय म्हणता येणार नाही.

६. विक्री प्रतिनिधीचे वेतन

विक्री प्रतिनिधीच्या उत्पन्नाचे सामान्यतः दोन भाग असतात : निश्चित पगार आणि विक्रीवर आधारित प्रोत्साहन रक्कम. प्रोत्साहन रक्कम टप्प्यांनी वाढते. ठरावीक गाड्यांची मर्यादा ओलांडली की प्रत्येक गाडीमागील दर वाढतो आणि मर्यादा एका गाडीने हुकली तरी महिन्याचे गणित बिघडते. याखेरीज विमा, कर्ज, साहित्य आणि वाढीव हमी यांच्या विक्रीवर वेगळी रक्कम मिळते. मोटारीवरील नफा जसजसा आकुंचन पावतो, तसतसे या दुय्यम विक्रीचे महत्त्व वाढते. ग्राहकाला त्रासदायक वाटणारा आग्रह हा त्या तरुणाच्या स्वभावापेक्षा त्याच्या वेतनपत्रकातून आलेला असतो.

या वेतनरचनेची कायदेशीर बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये 'वेतन' या संज्ञेतून कमिशन वगळलेले आहे. मात्र वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास ती अतिरिक्त रक्कम वेतनच मानावी, अशी तरतूद आहे. ज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग कमिशनच्या स्वरूपात आहे, त्याच्या दृष्टीने ही तरतूद कळीची ठरते, कारण उपदानासारखे लाभ वेतनाच्या आधारे मोजले जातात. चांगल्या महिन्यातील कमाई मोठी दिसली तरी तिच्यातील किती भाग भविष्याच्या हिशोबात धरला जातो, हा वेगळा प्रश्न आहे.

विक्रेता संस्थेची जोखीमही येथे ध्यानात घ्यावयास हवी. पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. शोरूममध्ये गुंतविलेले भांडवल आणि तेथील रोजगार अशा निर्णयांनी एका दिवसात अनिश्चित होतात. वाजवी नफ्याच्या व्याख्येत म्हणूनच खर्च, श्रम आणि भांडवल यांबरोबर जोखमीचाही अंतर्भाव करावा लागतो.

७. घासाघीस कोणाला परवडते?

घासाघीस ही सर्वांना समान संधी देणारी पद्धत आहे, असा एक समज आहे. त्याला छेद देणारे प्रसिद्ध संशोधन इयान आयर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. शिकागो परिसरातील शोरूममध्ये त्यांनी प्रशिक्षित व्यक्तींना ग्राहक म्हणून पाठविले. सर्वांनी एकाच पद्धतीने, ठरवून दिलेल्या शब्दांत सौदा केला. तरीही गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिक किंमत सांगितली गेली. सौद्यातील कौशल्य समान ठेवूनही भाव समान आला नाही. समोरची व्यक्ती किती देईल, याविषयीचा विक्रेत्याचा अंदाज भाव ठरवीत होता.

आपल्याकडील भेदाच्या रेषा वेगळ्या असल्या तरी यंत्रणा तीच आहे. ज्याच्याकडे दोन-तीन शोरूमची अंदाजपत्रके आहेत, शिक्षक वा शासकीय कर्मचारी म्हणून मिळणाऱ्या सवलतीची ज्याला माहिती आहे आणि बँकेचे मंजुरीपत्र ज्याच्या खिशात आहे, त्याचा सौदा वेगळा होतो. पहिल्यांदाच मोटार घेणारे कुटुंब, एकटी आलेली स्त्री किंवा इंग्रजी अंदाजपत्रक वाचता न येणारा वयस्कर शेतकरी यांची बाजू लंगडी पडते. एकाला दिलेली मोठी सवलत कोठून तरी भरून काढावी लागते आणि ती बहुधा न बोलणाऱ्याकडून भरून निघते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला. तेथे विषमता वस्तूच्या गुणवत्तेविषयी होती. नव्या मोटारीच्या बाबतीत वस्तू सर्वांना सारखीच मिळते, विषमता उरते ती किमतीविषयी.

८. 'एकच भाव' हा पर्याय

घासाघीस मुळातूनच काढून टाकावी, असा विचार काही कंपन्यांनी केला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सॅटर्न या शाखेने १९९० पासून ठाम किमतीचे धोरण राबविले. ग्राहकांनी त्याचे स्वागत केले, तरी अन्य कारणांनी ती शाखा २०१० साली बंद झाली. आळेफाट्याहून पुण्याकडे जाताना याच महामार्गावर लागणाऱ्या चाकण येथे मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. या कंपनीने २०२१ च्या ऑक्टोबरपासून भारतात थेट विक्रीची पद्धत स्वीकारली. मोटारींचा साठा कंपनीच्या मालकीचा राहतो, देयक कंपनीच देते, देशभर किंमत एकच असते, आणि विक्रेत्याला ठरावीक मोबदला मिळतो. साठ्यात अडकणारे भांडवल आणि त्यावरील व्याज यांतून विक्रेता मुक्त होतो.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. शेजाऱ्याला काय भाव मिळाला, ही शंका उरत नाही. विक्री प्रतिनिधीला आकड्यांच्या ओढाताणीऐवजी वाहनाची माहिती देण्यास वेळ मिळतो. पण दुसरी बाजूही आहे. विक्रेत्यांमधील किमतीची स्पर्धा संपते आणि मोबदल्याचा दर ठरविण्याचे सर्व सामर्थ्य कंपनीकडे एकवटते. शिवाय महागड्या मोटारींच्या मर्यादित बाजारात जे शक्य झाले, ते लाखो लहान मोटारींच्या बाजारात तसेच शक्य होईल असे म्हणता येत नाही. एकच भाव म्हणजे आपोआप वाजवी भाव नव्हे. तो समान असतो, एवढेच निश्चितपणे सांगता येते.

९. रुमालापासून पट्टीपर्यंत

या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी या परिसराच्या बाजारपरंपरेतच सापडते. जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होण्याची जुनी रीत आहे. दोन हात रुमालाखाली जातात, बोटांच्या खुणांनी आकडा ठरतो, विसार दिला जातो आणि बाजूला उभ्या असलेल्याला भाव कळत नाही. ही पद्धत तरबेज हेड्याच्या सोयीची, पण नवख्याला जाचक. मधला दलाल कोणाकडून किती घेतो, हेही रुमालाखालीच राहते.

शेतमालाच्या व्यापारात मात्र बदल घडला. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या चौकटीत बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाची पद्धत रुजली. शेतकऱ्याच्या हाती पट्टी येऊ लागली. तीत मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत या रकमा स्वतंत्र ओळींत असतात. पट्टीमुळे सर्व अन्याय संपला नाही, पण वाद कशावर घालायचा हे स्पष्ट झाले. अडत उघडपणे लिहिलेली होती, म्हणूनच ती कोणी द्यावी यावर सार्वजनिक चर्चा होऊ शकली आणि २०१६ साली फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्यात झाला. जे लिहिलेले असते त्याचाच न्याय करता येतो.

मोटारीचा सौदा आज या दोन अवस्थांच्या मध्ये उभा आहे. कर आणि शुल्क पट्टीसारखे उघड आहेत. सवलत, विम्यावरील मोबदला, कर्जावरील लाभ आणि विक्री प्रतिनिधीचे कमिशन मात्र अद्याप रुमालाखालीच आहे.

१०. वाजवी सौद्याची तत्त्वे

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य तत्त्वे निघतात. पहिले, ग्राहकाने तोंडी आकड्यावर न थांबता प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीत दाखविणारे लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि दोन शोरूमची तुलना अंतिम बेरजेवरून न करता ओळीनिहाय करावी. दुसरे, मोटार, विमा, कर्ज आणि जुन्या गाडीची किंमत हे चार वेगळे सौदे आहेत. ते एकत्र केले की एकातील लाभ दुसऱ्यात विरून जातो. मासिक हप्ता किती, या एका प्रश्नावर सौदा करणे सर्वांत धोक्याचे असते, कारण मुदत वाढवून कोणताही हप्ता लहान करता येतो. तिसरे, कंपनीने जाहीर केलेल्या सवलती हा ग्राहकाचा हक्क समजावा. त्या मागताना संकोच करू नये आणि त्या दिल्याबद्दल विक्रेत्याने उपकाराची भाषा करू नये. चौथे, नको असलेले साहित्य स्पष्टपणे नाकारावे. नाकारणे हा अपमान नव्हे.

ग्राहकाच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. एका शोरूममध्ये तीनदा चाचणी घेऊन, तासन्तास माहिती विचारून, शेवटी पाचशे रुपयांसाठी दुसरीकडे जाणारा ग्राहक कायद्याने निर्दोष असतो. तथापि, त्या तासांचे मोल कोणी दिले, हा प्रश्न शिल्लक राहतो. आपल्या कांद्याच्या भावात आपली मेहनत धरली जावी, असे ज्याला वाटते, त्याने समोरच्याच्या मेहनतीचाही हिशोब करणे हे सुसंगतच आहे.

परंतु सर्वाधिक जबाबदारी विक्रेता संस्था आणि उत्पादक कंपनी यांची आहे. विक्री प्रतिनिधीचा निश्चित पगार इतका असावा की त्याचा घरखर्च एका गाडीच्या सवलतीवर अवलंबून राहू नये. प्रोत्साहन रक्कम केवळ गाड्यांच्या संख्येवर आणि साहित्याच्या रकमेवर न ठेवता ग्राहकाच्या समाधानाशी आणि पुढील सेवेशी जोडता येईल. सवलत देण्याची मर्यादा त्याला आधी लेखी कळवावी. ती व्यवस्थापनाच्या संमतीने ओलांडली गेल्यास त्याच्या कमिशनमधून कपात होऊ नये.

११. समारोप

नव्या मोटारीच्या सौद्यात ग्राहकाचा लाभ आणि विक्री प्रतिनिधीचा मेहनताना या परस्परविरोधी गोष्टी आहेत, ही समजूत अपुऱ्या माहितीतून निर्माण होते. आठ लाखांच्या मोटारीत दोन लाखांहून अधिक रक्कम शासनाची, मोठा हिस्सा कारखान्याचा, आणि उरलेल्या काही हजारांवर दोन सामान्य माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत बसलेली, असे या व्यवहाराचे वास्तव स्वरूप आहे. वाजवी नफा म्हणजे शक्य तितका अधिक नफा नव्हे आणि शून्य नफाही नव्हे. ज्याचे कारण ग्राहकासमोर उघडपणे सांगता येते, तो नफा वाजवी. ज्या रकमेला लपविण्याची गरज भासते, तिच्या वाजवीपणाविषयी शंका घेणे रास्त ठरते.

आळेफाट्याच्या बाजारात कांदा विकून हाती पट्टी घेतलेला शेतकरी त्याच दिवशी मोटारीच्या शोरूममध्ये जातो, तेव्हा त्याला तेथेही तशीच पट्टी मिळावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्या पट्टीत विक्री प्रतिनिधीच्या मेहनतान्याचीही एक ओळ असावी. ती दिसू लागली की ती देणाऱ्याला जड वाटणार नाही आणि घेणाऱ्यालाही संकोच वाटणार नाही.